एक डोळा मिटून

वजनाच्या काट्यावर उभं राहायची तिची एक पद्धत होती. आधी चपला काढायच्या, मग पर्स, मग स्वेटर, मग छातीतला सगळा श्वास सोडायचा... आणि मगच खाली बघायचं. त्या दिवशी सर्जनबाईंच्या दवाखान्यातल्या अरुंद पॅसेजमध्ये ती श्वास सोडून खाली बघणार, एवढ्यात मागून आवाज आला—

“घड्याळ राहिलं.”

ती दचकून वळली. बाकावर एक ऐसपैस माणूस पोटाशी उशी धरून बसला होता. चेहरा थकलेला, पण डोळ्यांत मिश्किली.

“पन्नासेक ग्रॅम तरी असेल,” तो म्हणाला. “इथे सगळेच काढतात. मघाशी एका काकांनी कवळी काढून ठेवली होती.”

“त्रेपन्न ग्रॅम आहे,” ती म्हणाली. “मी मोजलंय. आमच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर, चार दशांश स्थळांपर्यंत.”

“बाप रे! मग या बिचाऱ्यावर कशाला उभ्या राहताय? न्यूनगंड येईल त्याला.”

तिला हसू आलं. हसताना काट्यावरचा आकडा थरथरला आणि एकशे अठरावर स्थिर झाला. तो आकडा त्यालाही दिसला असणार, पण तोवर त्याने मान फिरवून भिंतीवरची अग्निशमनाची सूचना मन लावून वाचायला घेतली होती. हे तिच्या लक्षात राहिलं.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. आई शेजारी पडून तो ऐकत राहायची आणि सकाळी लेकीपेक्षा आईच्याच डोळ्यांखाली जास्त काळं असायचं. जठर लहान करायच्या ऑपरेशनची तारीख तिने दोनदा घेतली होती आणि दोनदा मोडली होती. तो क्रेन चालवायचा. नव्वद पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून केबिनमध्ये जायचं आणि दिवसभर आभाळात बसायचं. एकदा अर्ध्या शिडीवर दम लागून तो अडकला, खालून दोर टाकून उतरवावा लागला, आणि मुकादमाने त्याला खुर्ची देऊन खालीच बसवलं. त्याच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले होते.

सर्जनबाईंची एक रीत होती. ऑपरेशन झालेला एक आणि व्हायचं असलेला एक, अशी त्या जोडी लावून द्यायच्या. ज्याचं व्हायचंय त्याने रोज संध्याकाळी सातला दुसऱ्याला फोन करायचा, चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची. घोट किती, घास किती, गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का.

“विचारणारा शिकतो,” बाई म्हणाल्या. मोजकं बोलायच्या, आणि बोलताना चष्म्यावरून बघायच्या. “तुम्ही यांना विचारा. दोन महिन्यांनी तुमची पाळी.”

चार प्रश्नांना चार मिनिटं पुरायला हवी होती. दुसऱ्याच आठवड्यात चाळीस लागू लागली.

“घोट?”

“दीड लिटर. मॅडम, एक विचारू? तुमच्या प्रयोगशाळेत माणसाचा आवाज तपासतात का?”

“का?”

“तुमच्यात काहीतरी मिसळलंय. सात वाजले की गोड लागतो.”

“तुम्हाला गोड बंद आहे,” ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिला गरम झाला होता.

तो तिला वरून दिसणारं शहर सांगायचा. गच्च्यांवर वाळणाऱ्या चादरी, एकाच वेळी उघडणाऱ्या खिडक्या, वारा आला की आधी कोणती झाडं हलतात... ती त्याला सांगायची की पाण्याच्या प्रत्येक नमुन्याला आपलं असं एक वागणं असतं. कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. आई दारात उभी राहून म्हणायची, “अगं, एवढं काय विचारायचं असतं त्या पोटाला?”

“आई, वैद्यकीय आहे ते.”

“दिसतंय. गाल वैद्यकीय लाल झालेत.”

त्याचं ऐकून ऐकूनच तिने तिसऱ्यांदा तारीख घेतली. मंगळवारची.

दर शनिवारी सगळ्या पेशंटांची बैठक व्हायची. एकेकाचं वजन मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा पेशंटांनीच पाडलेला प्रघात होता. सहाव्या आठवड्यात त्याचे पाच किलो उतरले. सातव्यात सात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि कवळीवाल्या काकांनी शिट्टी मारली. तिनेही तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तेव्हा त्याने तिच्याकडे बघून डावा डोळा मिटला. असा भर सभेत! तिने घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

पण शुक्रवारी प्रयोगशाळेत सहज चाळा म्हणून तिने त्याचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले होते. सुरुवातीला वेगाने खाली येणारी रेषा हळूहळू सपाट व्हायला हवी होती. सगळ्यांची होत होती. त्याची मात्र पाचव्या आठवड्यानंतर कड्यासारखी तुटली होती. आजचा ठिपका तिने मनातल्या मनात त्या कागदावर ठेवला, आणि टाळ्या वाजवणारे तिचे हात एकदम गार पडले. सात दिवसांत सात किलो... ही चरबी नव्हती. एवढ्या वेगाने जातं ते पाणी, आणि स्नायू.

वहीत तिच्याच नीटस अक्षरात गेले सतरा दिवस लिहिलेलं होतं— उलटी : नाही. प्रत्येक ‘नाही’च्या आधी तो किंचित थांबायचा, हेही तिला माहीत होतं. ते थांबणं तिने का लिहिलं नाही?

बैठक संपल्यावर दोघं बसथांब्यावरच्या बाकावर टेकले. आभाळ दाटून आलं होतं. वाऱ्याने कागदाचे कपटे रस्त्याच्या कडेने पळत होते.

“एक विचारते. खरं सांग. अन्न पोटात टिकतंय ना?”

“टिकतंय की.” उत्तराआधी अर्धा क्षण गेला होता. “तुझं काय, मंगळवारची तयारी? भीती वाटतेय?”

“विषय बदलू नकोस.”

“विषय तूच आहेस,” तो म्हणाला आणि पुन्हा डावा डोळा मिटला.

तिला लाजावं की रागवावं कळेना. खरं तर लाजायलाच सुरुवात झाली होती. पण तेवढ्यात बस आली. तो मान वर करून पाटी बघू लागला, आणि त्याने बसलाही डोळा मारला.

बसला कोणी डोळा मारत नाही.

“कोणती आहे?” तिने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“सत्तावीस.”

“एक डोळा मिटून वाचलंस. आता दोन्ही उघडे ठेव आणि सांग.”

बस माणसं घेऊन निघून गेली.

“अरे, सांग ना!”

“...दोन बस होत्या,” तो हळूच म्हणाला. “एक खरी, आणि एक जरा वर तरंगणारी.”

“कधीपासून?”

“बुधवारपासून.”

“आणि उलट्या?”

“त्या... आधीपासून. पाणीसुद्धा परत येतं. गोळ्याही. चिडू नकोस. थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही. आत्ता इथून थेट आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातोय. ग्लुकोजची बाटली लावली की—”

“ग्लुकोज?”

ती ताडकन उठली. प्रत्येक पेशंटला बाई एक गुलाबी कार्ड द्यायच्या, कायम जवळ ठेवायला. त्याने ते घरी ठेवलं होतं. तिने ऑपरेशनच्या आधीच पाठ केलं होतं. पर्समधून काढून तिने ते त्याच्यासमोर धरलं आणि मग लक्षात आलं, त्याला अक्षरं दिसणार नाहीत. तिनेच वाचलं. “सतत उलट्या होत असतील तर आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. त्याआधी ग्लुकोज देऊ नये.”

“म्हणजे?”

“म्हणजे साखर जाळायला शरीराला बी-वन लागतं. तुझ्याकडे ते कणभर उरलं असेल. वरून साखर ओतली की तेही संपेल, आणि फटका मेंदूला बसेल. डोळ्यांना तो बसतोच आहे. ऊठ.”

तो उठला. पाय फाकवून, बोटीवर उभं राहावं तसा. आणि तरी हलला नाही.

“मंगळवारपर्यंत थांब,” तो म्हणाला. “तुझं ऑपरेशन होऊ दे. मग सांगतो ना बाईंना.”

“काय?”

“दोनदा तारीख मोडलीस तू. माझं असं झालंय म्हटल्यावर तिसऱ्यांदाही मोडशील. मागे एकदा म्हणालीस ना, ‘तू चांगला आहेस म्हणून मला धीर येतो’... मग मी चांगला राहिलो.”

आजूबाजूला चार माणसं उभी होती. तिला त्यांचं भान राहिलं नाही.

“माझ्यासाठी? माझ्यासाठी तू खोटं सांगितलंस, आणि मी ते माझ्या हाताने लिहून घेतलं? मघाशी टाळ्या वाजवल्या मी! तू उपाशी मरत होतास आणि मी टाळ्या वाजवत होते!” तिचा आवाज फाटला. “तुला काही झालं ना, तर मी... मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.”

“हे शास्त्रीयदृष्ट्या—”

“गप्प बस आणि चाल.”

तिने त्याचं कोपर धरलं. पहिल्यांदाच. बाईंचा दवाखाना दोनशे पावलांवर होता. पण ती पावलं सरळ पडत नव्हती. दर दहा पावलांनी तो तिच्या बाजूला कलायचा आणि तिचं एकशे अठरा किलो वजन, ज्याचा तिने आयुष्यभर राग केला होता, त्याला भिंतीसारखं तोलून धरायचं. फाटकाशी त्याने विचारलं, “आपण कुठे चाललोय?” तिने सांगितलं. दारात त्याने पुन्हा तेच विचारलं. या खेपेला तिने त्याचं कोपर आणखी घट्ट धरलं.

सर्जनबाई कोट चढवून निघतच होत्या. तिने एका दमात सगळं सांगितलं. किती दिवस उलट्या, दोन बस, विसरणं, आणि ग्लुकोज अजून दिलेलं नाही हे दोनदा. बाईंनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. डोळे बोटामागे जाताना अडखळले. बाईंनी कोट काढून खुर्चीवर फेकला.

“सिस्टर, बी-वन. शिरेतून. आत्ता, या क्षणी.” मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा. आणि रडायचं असेल तर रडून घ्या. नंतर मला ती वही नीट दुरुस्त करून हवी आहे.”

ती बाहेर बसली. पाऊस लागला होता आणि पॅसेजच्या खिडकीवर त्याचे ओघळ उतरत होते. किती वेळाने बरं वाटायला हवं, तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची तिला अजिबात सवय नव्हती. वही उघडून तिने सतरा ‘नाही’ खोडले. आई आली, शेजारी टेकली आणि एकदाही ‘हा तोच का’ असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला दोनऐवजी एकच सिस्टर दिसली. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठराच्या वाटेतली जागा आकसलेली सापडली आणि ती फुग्याने रुंद केली. डोळे लवकर सुधारतील, पायांना महिने लागतील, थोडं कायमचं राहीलही... बाईंनी काही लपवलं नाही. शिडीबद्दल त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी पॅसेज चालून दाखवा.”

बैठकीतल्या टाळ्या त्यांनी बंद करून टाकल्या.

तिने मंगळवारची तारीख मोडली नाही. एका आठवड्याने पुढे मात्र ढकलली. “कारण?” बाईंनी विचारलं. “खरी माहिती गोळा करायचीय,” ती म्हणाली.

त्या सकाळी ती हिरव्या झग्यात पलंगावर बसली होती. आई केसांवर कागदी टोपी नीट करत होती. दाराशी धातूचा खडखडाट झाला आणि तो चौपायी वॉकर ढकलत आत आला. घामाने निथळलेला.

“वरच्या मजल्यावरून आलोय,” तो धापा टाकत म्हणाला. “चौदा मिनिटं. लिफ्टसकट.”

“बसा हो आधी,” आई म्हणाली आणि खुर्ची सरकवून, पाणी आणते असं सांगून, भरलेला तांब्या उचलून बाहेर गेली.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. गोड न करता.”

त्याने सांगितलं. पहिल्या रात्री खांद्यात वायूची कळ इतकी असते की ऑपरेशन पोटाचं झालं की खांद्याचं कळत नाही. सहाव्या दिवशी तो सुपाच्या वाटीसमोर हमसून रडला होता. चार घासांनंतर पोट भरतं, मन भरत नाही, आणि तेव्हा काय करायचं हे त्याला अजूनही माहीत नाही. ती ऐकत होती. आश्चर्य म्हणजे तिची भीती वाढली नाही. त्या भीतीला आकार आला, एवढंच.

“आणि?”

“आणि...” त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहिलं. “तू आत जाऊ नयेस असं वाटतंय मला. पोटातून वाटतंय. पण ती माझी भीती आहे. तिच्यासाठी तू थांबू नकोस. मी तुझ्या प्रेमात आहे आणि मला धड उभं राहता येत नाही, आजची माहिती एवढीच.”

तिने कागदी टोपी कानांवर ओढली.

“उशिरा दिलीस,” ती म्हणाली. “माझी तर तिसऱ्या आठवड्यापासूनची नोंद आहे.”

“आणि मला कळवलं नाहीस? खोटारडी कुठली!”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. तेवढ्यात ट्रॉली घेऊन वॉर्डातल्या मावशी आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ तो भरलेला तांब्या तसाच घेऊन आई.

तिला घेऊन ट्रॉली दारातून बाहेर पडली. तो वॉकर धरून उठला. एक पाऊल, खडखड, दुसरं पाऊल. पॅसेज लांबलचक होता आणि ट्रॉलीची चाकं नुकतीच तेल घातलेली. चार हात, सहा हात... तो मागे पडू लागला. तिने मान उचलून पाहिलं. तो ओठ घट्ट मिटून येत होता, आणि थांबत नव्हता.

“मावशी,” ती म्हणाली, “जरा हळू घ्या ना. हा बरोबर येतोय.”

“अगं बाई, आत डॉक्टर खोळंबलेत.”

“खोळंबू दे की दोन मिनिटं,” आई म्हणाली आणि तिने ट्रॉलीचा दांडा एका हाताने धरला.

मावशींनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, सुस्कारा टाकला आणि ट्रॉली थांबवली. खडखड जवळ येत गेली. तो शेजारी पोचल्यावर तिने चादरीतून हात काढला आणि वॉकरच्या दांडीवर, त्याच्या हाताशेजारी ठेवला.

“चला,” ती म्हणाली.