वरच्या मजल्यावरचं बोलावणं

पाक फनांगमध्ये नदीकाठच्या गल्लीत लमुनचं तीन मजली घर होतं. खालचा मजला माणसांचा, वरचे दोन पाकोळ्यांचे. वरच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतीला एक भोक, आणि भोकापाशी कर्णा. त्यातून पाकोळ्यांची टेप केलेली चिवचिव रात्रंदिवस चालू असायची. पाकोळ्या लाळेची घरटी बांधत, ती सुपासाठी महागात विकली जात. निम्म्या शहराचं पोट त्या घरट्यांवर, म्हणून कर्णा कुणी बंद करत नसे.

लमुनने केला होता. नवरा प्रसोंग वरच घरटी काढताना शिडीवरून पडून वारला. भिक्खूंचं पठण नीट ऐकू यावं म्हणून तिने कर्णा थांबवला, तेवढ्यात पाकोळ्या उठून गेल्या. पुन्हा लावला, पण एकही परतली नाही. आता मुलगी घर विकून तिला बँकॉकला न्यायला निघाली होती.

"तुझ्या पाकोळ्यांनी माझ्याकडे नुसती गर्दी केलीय बाई," शेजारीण थोंगदी वाळत घातलेले मासे उलटत म्हणाली. "फुकटचे पाहुणे. तू आपली पोरीकडे जा, नातवाला खेळव."

"आणि हे इथे एकटेच राहतील?"

थोंगदी मासे उलटत राहिली.

त्या संध्याकाळी लमुन जिन्याच्या दाराशी उभी राहिली. वर कर्णा रिकाम्या भिंतींना हाका मारत होता.

"कुणीतरी या रे," ती हळूच म्हणाली. "कुणीही या... घर रिकामं ठेवू नका."

अंधारून आलं आणि वर फडफड सुरू झाली. आधी एक पंख, मग शेकडो. तो ओळखीचा उग्र वास जिन्यावरून खाली उतरला. लमुनला रडूच फुटलं. तिने मुलीला फोन लावला. "आल्या गं. मी आता कुठे जायची नाही."

सकाळी ती वर गेली. जमिनीवर विष्ठेचा ठिपकाही नव्हता. भिंतीला घरटं नव्हतं. नुसती धूळ. फडफड मात्र तिच्या डोक्याभोवती चालूच होती.

तिने कर्ण्याची वायर उपटली. चिवचिव थांबली नाही. त्या चिवचिवाटात, अगदी कानाशी, कुणीतरी खोकलं. प्रसोंग सकाळी उठल्यावर खोकायचा तसं.

"तुम्ही... आहात का?"

सगळं एकदम शांत झालं. मग तिच्या अंगावरून वारा जावा तशी ती फडफड जिन्याने खाली गेली.

लमुन भिंतीला धरून खाली आली. तिच्या पलंगावर घरटं होतं. पाकोळीचं घरटं ओंजळीत मावतं. हे पलंगभर पसरलं होतं, पांढऱ्या लाळेचं, अजून ओलं. एका बाजूला कुणी कुशीवर निजून उठल्यासारखा खळगा पडला होता.

दुसरी बाजू मऊ, सारखी करून ठेवली होती.