निळा ड्रम आणि दोन पायथन

माझ्या कवळीची आन घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाये. खोटं निघालं तर कवळी हौदात टाका... हौद कोरडा असला तरी!

सोळा सालचा उन्हाळा. शहराच्या टोकाला आमच्या सातारा परिसरात रोज एक नवी बिल्डिंग उगवायची, पाणी मात्र तीन दिवसाला, टँकरनं. ऊन असं की कावळे बी घरात येऊन पंख्याखाली बसायचे.

माझी नात ओवी ओट्यावर लॅपटॉपशी भांडत व्हती. कॉलेजचा प्रोजेक्ट – कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार, ते मोबाईलवर कळवायचं.

"पिप म्हणतंय सामान आणलं, पायथन म्हणतंय दिसत नाय! खोटारडे मेले!"

पायथन म्हंजे प्रोग्राम लिहायची भाषा, अन् पिप तिला लागणारं सामान आणून देतं. ऐकून ऐकून मलाबी पाठ झालं व्हतं.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर नवाच – सत्यम. पिशोरचा, कॉम्प्युटर शिकलेला. घरची विहीर आटली म्हणून मामाचा टँकर चालवायचा. मी आतूनच ओरडले, "निळ्या ड्रमात सोड रं, प्यायचं हाये!"

थोड्या वेळानं आवाज आला, "भरला, आज्जी!"

जाऊन बघते तर निळा ड्रम ठणठणीत कोरडा. सगळं पाणी धुण्याच्या पांढऱ्या ड्रमात!

ओवी खुदकन हसली. "म्हणे भरला!"

"भरलाच की... फक्त दुसरा." त्यानं तिच्या स्क्रीनकडं पाहिलं अन् थबकला. "मॅडम, तुमच्याकडं पायथन किती?"

"दोन. एक जुनं, एक नवं. शिवाय रुबी नावाची दुसरी भाषा बी हाये."

"मग तुमचं पिप माझ्यासारखंच. खोटं नाय बोललं, सामान जुन्याच्या घरात टाकून आलं. नव्या पायथनचं नाव घेऊन हाक मारा, म्हंजे त्याचंच पिप येईल. अन् दर प्रोजेक्टला येगळा डबा करा. ह्याचं त्याच्यात सांडायला नको."

"टँकरवाल्याला एवढं येतं?"

"टँकर दोन महिन्यांचा हाये, मॅडम. पायथन चार वर्षांचं."

ओवीनं पदर नव्हता म्हणून ओढणीच चावली.

मग काय! दर तिसऱ्या दिवशी काहीतरी बिघडायचंच. ड्रम भरायला दहा मिनटं, पायथन भरायला तासभर. पलीकडची साळूबाई हंडा वाजवून दमायची.

एक दिवस तो म्हणला, "पुढची खेप शेवटची. मग मी वैजापूरच्या रूटवर."

तो गेल्यावर ओवीनं ताट बाजूला सारलं. "मनातलं सांगून टाक ना त्याला," मी म्हणलं.

"अन् तो नुस्ता हसला तर, आज्जी?"

शेवटच्या दिवशी प्रोजेक्ट असा सुरळीत चालला, की बहाणाच उरला नाय. टँकरचा हॉर्न वाजला... अन् ओवीनं पटकन काहीतरी टाईप केलं. ह्या डोळ्यांनी पाहिलं मी!

सत्यम आला. प्रोग्राम बंद. त्यानं वरच्या बाणाचं बटण दाबलं. मागं काय टाईप केलं ते त्यात दिसतं म्हणे.

"सामान काढून टाकलंय. शेवटचीच ओळ... ही कुणी लिहिली?"

ओवीनं माझ्याकडं पाहिलं. मी तांदूळ निवडत व्हते. मग तिची मान खाली गेली.

"मी... मीच."

"का?"

"चालू असतं, तर तू बसला नसतास."

त्याचे कान मिरचीवानी लाल झाले. मग त्यानं लॅपटॉपात नवा डबा केला.

"नाव काय देऊ?"

"तूच दे."

त्यानं हळूच लिहिलं – पिशोर.

"आमचं गाव. सध्या कोरडं हाये... येशील?"

"आज्जीला विचार," ती पुटपुटली. "पण... लवकर विचार."

बाहेर निळा ड्रम भरून वाहत व्हता. जन्मात पहिल्यांदा पाणी वाया गेलं अन् मी ओरडले नाय.

आता त्यांची पोरगी शाळेत जाते. म्हणून सांगून टाकते – एक गोष्ट मी बनवली. हॉर्न वाजला तव्हा ओवी आरशापुढं व्हती, लॅपटॉपपाशी नाय. ती शेवटची ओळ माझी, ऐकून ऐकून पाठ झालेली! तिनं मला ओळखलं, अन् गुपचूप आपल्या अंगावर घेतलं.

कवळी मात्र देणार नाय.