माघारी धाडलेला कागद

"एवढंच म्हणायचं, आई... दया म्हणून ठिवलं हुतं, भाडं कवा घेतलं न्हाई," जयसिंगने कोर्टाच्या पायरीवर पुतळाबाईला तिसऱ्यांदा पढवलं. दौंडचं रणरणतं ऊन, सत्तरीला आलेलं शरीर आणि त्यात पोटच्या पोराने शिकवलेलं खोटं... तिचा जीव अगदी थकून गेला होता. खरं बोललीस तर घराचा उंबरा चढू नकोस, असंही त्याने सकाळीच बजावलं होतं.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत हसीना एकोणऐंशी सालापासून भाड्याने राहत होती, म्हणजे बावीस वर्षं. तिचा नवरा बाबुलाल रेल्वेत खलाशी होता. तो गेला, लेक निमोण्याला नांदायला गेली, तरी हसीना तिथेच राहिली. आता जयसिंगला त्या जागी दुकानाचा गाळा काढायचा होता. करार नाही, पावती नाही, मग ही भाडेकरू कसली, असं म्हणत त्याने तिची वीजच तोडली. जिच्या दिव्याखाली बसून त्याने दहावीचा अभ्यास केला, तिचीच! हसीना वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, कागद नसला म्हणून हक्क जात नाही, पण भाडं दिल्याचं कुणीतरी सांगायला हवं.

ते पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, पुतळाबाई. आणि कागद का झाला नाही, हेही तिलाच ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात बाबुलाल स्टँपपेपर घेऊन आला होता. बहिणीशी कुणी कागद करतं का, असं म्हणून तिनेच तो दारातून परत पाठवला. मोठ्या मनाचं कौतुक तिने करून घेतलं, आणि त्याचं फळ त्या अश्राप बाईच्या पदरी!

साक्षीला उभी राहिल्यावर तिने लेकाकडे पाहिलं नाही.

"बाबुलालचा पगार झाला की, त्यो गेल्यावर पेन्शन आली की, भाडं आमच्या भिंतीतल्या देवळीत यायचं, सायेब. म्या माझ्या हातानं उचललंय. पावती दिली न्हाई, कागदबी मीच माघारी धाडला. चूक माझी हाय, तिची न्हाई."

जयसिंग एकटाच घरी गेला. पुतळाबाई हसीनाच्या खोलीत आली, तर हसीना ट्रंक भरत होती. आपल्यापायी मायलेकरं तुटायला नकोत, आपण लेकीकडे जातो, असं म्हणत ती रडू लागली. पुतळाबाई मटकन खाटेवर बसली.

"तू गेलीस तर मला जागा कोन देनार? मीबी आता बिनकागदाची भाडेकरूच हाय."

दोन दिवस दोघींनी चिमणीच्या उजेडात भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला खोलीतला बल्ब अचानक लागला. पाठोपाठ जयसिंग दारात आला. डोळे सुजलेले, हातात स्टँपपेपर.

"मावशीच्या नावानं केलाय... साक्षीदार म्हणून तुझा आंगठा पायजे. ह्यो माघारी धाडू नगंस, आई."

पुतळाबाईचा हात इतका थरथरत होता की अंगठा कागदावर टेकेना. मग हसीनाने तिचं मनगट धरलं आणि जयसिंगने कागद.