श्वास धरा

माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायचा, एवढंच त्या दिवशी काम होतं. नात स्नेहलला जुने फोटो मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचे होते. रंगनाथअण्णा खाटेवर बसून बघत होते. सहा वर्षं झाली, काठीशिवाय त्यांचं पाऊल पडत नव्हतं. लेक अंजलीने स्टुलावर चढून डबा काढला, ओढणीने धूळ पुसली. झाकण उघडलं आणि खोलीत खोबरेल तेलाचा वास पसरला.

"आईला जाऊन पंधरा वर्षं झाली," अंजली म्हणाली, "पण वास काही जात नाही."

डब्यातल्या कॅमेऱ्याच्या चामडी पाकिटाला बुरशी धरू नये म्हणून अण्णांची बायको नवसाबाई त्याला खोबरेल चोळायची. त्या कॅमेऱ्याची गोष्ट अशी. अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात माळी होते. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना आपला रिळाचा कॅमेरा त्यांना देऊन टाकला. पहिलं रीळ घालून नवरा-बायको आणि कडेवरची अंजली सापुताऱ्याला गेली. तिथं तळ्याकाठी चुन्याने रंगवलेली एक उंच भिंत होती. अण्णांनी नवसाबाईला भिंतीपुढे उभं केलं आणि खटका दाबला. रीळ धुऊन आलं, तर फोटोत हिरवं पातळ होतं, बांगड्या होत्या, नव्या वहाणा होत्या. गळ्याच्या वर मात्र काही नव्हतं.

नवसाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. "मान उडवली की हो माझी. आना इकडं ते यंत्र."

कॅमेरा तिच्या हातात गेला तो गेलाच. वणीचा गड, त्र्यंबक, भंडारदरा, जावळाला गेलेली जत्रा, सगळीकडे तीच फोटो काढायची. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, एक डोळा मिटलेला. खटका दाबायच्या आधी हळूच म्हणायची, "श्वास धरा..." सगळे श्वास धरायचे. म्हणून त्या डब्यातल्या प्रत्येक फोटोत माणसं जरा फुगलेली दिसत.

आणि म्हणूनच त्या डब्यात, मान उडालेला तो एक फोटो सोडला, तर नवसाबाई कुठंच नव्हती. मतदान कार्डावरचा तिचा ठिपक्याएवढा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. त्याला घरातले रोज हार घालायचे, पण अण्णा त्याच्याकडे बघत नसत. ती कुणी दुसरीच बाई होती. खरी नवसाबाई त्यांच्या डोळ्यांपुढे असायची. पण वर्षभरापासून तीही पुसत चालली होती. हनुवटीवरचं गोंदण आठवायचं, नाकातली चमकी आठवायची. सगळं एकत्र करायला गेलं की चेहरा होत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोचा चेहरा विसरलो, हे माणूस कुणाला सांगेल?

"अण्णा, आजी आहे की," स्नेहल एकाएकी म्हणाली. "हे बघा. खाली."

तिने फोटो पुढे केला. वणीच्या पायऱ्यांवर अण्णा आणि फ्रॉकमधली अंजली. त्यांच्या पायांपुढे, फोटोच्या खालच्या कडेशी, एक सावली पडलेली. डोक्यावर पदर, कोपरं बाहेर.

स्नेहलने मग एकेक फोटो खाटेवर मांडला. उन्हातल्या प्रत्येक फोटोत ती होती. अंजलीने नाक ओढलं. अण्णा त्या सावल्यांवरून हात फिरवत राहिले, जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात.

एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. त्र्यंबकची गल्ली. अंजली, जावई, अण्णा, आणि अंजलीच्या कडेवर पाच वर्षांची स्नेहल.

"हा कधीचा गं?"

अंजलीने फोटो उलटा केला. मागे तिच्याच अक्षरात तारीख होती. तिचा चेहरा उतरला. "आईच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो... तेव्हाचा."

खालच्या कडेशी सावली होती. डोक्यावर पदर, कोपरं बाहेर.

"रस्त्यावरच्या कुण्या बाईने काढला असेल," अंजली म्हणाली.

"असंल," अण्णा म्हणाले. त्यांना चांगलं आठवत होतं. फोटो जीपच्या ड्रायव्हरने काढला होता. बोडक्या डोक्याचा, लुकडा माणूस. पण लेकीला भिववून काय करायचं?

रात्री जेवताना ते म्हणाले, "मला एकदा सापुताऱ्याला न्या."

"एवढ्या घाटातून? कंबर धरेल तुमची."

"धरू दे. तिथं मी तिची मान उडवली होती. एकदा जाऊन येऊ."

रविवारी तिघं गेली. दिवस कलता कलता तळ्याकाठी पोहोचली. बोटी बंद झाल्या होत्या, मक्याची कणसं विकणारे शेगड्या विझवत होते. भिंत अजून तिथंच होती, नव्या चुन्याने पांढरीफटक. स्नेहलने समोरच्या दगडावर मोबाइल टेकवून ठेवला आणि पळत येऊन आजोबांना बिलगली.

"दहा सेकंद आहेत. हसा हं अण्णा."

समोर कुणी नव्हतं. मोबाइल, त्याच्यामागे मावळतीचं ऊन, पाणी. अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दोन्ही हात काठीवर ठेवले. वारा पडला. झाडावर कलकलणारे साळुंक्यांचे थवे गप्प झाले. आणि कुठूनसा खोबरेलाचा वास आला... आधी पुसट, मग अगदी जवळ.

"श्वास धरा..."

अण्णांनी श्वास धरला.

"अण्णा. अहो अण्णा, झाला फोटो," अंजली त्यांचा दंड हलवत होती. "कधीचा झालाय. सोडा की श्वास."

त्यांनी सोडला. छातीत दुखलं नाही. उलट फार हलकं वाटलं.

"तू बोलली का काही?" त्यांनी विचारलं.

"मी? नाही."

स्नेहल दगडापाशी जाऊन मोबाइलमध्ये बघत होती. अण्णाच काठी टेकत तिच्यापर्यंत गेले. "दाव."

तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला.

जमिनीवर ती सावली होती. लांब, ठळक. पण या वेळी कोपरं बाहेर नव्हती. हात खाली सोडलेले होते, आणि तिने मान वळवली होती, त्यामुळे चेहऱ्याची कड उन्हात स्वच्छ उमटली होती. पदराखालचं रुंद कपाळ. किंचित वर उचललेलं नाक. दुमडलेला खालचा ओठ, हसू आवरताना ती दुमडायची तसा. अण्णांच्या डोळ्यांपुढे चमकी आपल्या जागी बसली, गोंदण आपल्या जागी बसलं.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

"अण्णा," स्नेहलचा आवाज अगदी बारीक झाला होता, "मागे भिंतीवर बघा ना..."

भिंतीपुढे तिघं उभी होती. भिंतीवर सावल्या दोनच होत्या, अंजलीची आणि स्नेहलची.

नवसाबाईने मान वळवली होती, त्या बाजूला, तिच्या खांद्याला खांदा लावून आणखी एक सावली पडली होती. डोक्यावर टोपी. ताठ उभी.

त्या सावलीच्या हातात काठी नव्हती.