नाव घेऊन हाक

बऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या त्या छोट्या दवाखान्यात चष्मा आला आणि समोरच्या चहावाल्याची पंचाईत झाली. भाजलेल्या मुलांचं ड्रेसिंग सुरू झालं की आतून किंकाळ्या यायच्या, नातेवाईक बाहेर पळायचे आणि चहावर चहा पीत बसायचे. आता आत शांतता. बाहेर कोणी येईचना.

चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबाच. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने तिथल्या पुष्कळ मुलांवर वापरून मग दान केलेला. तो लावला की पोरांना चहूकडे बर्फ दिसे आणि गोळे फेकून पेंग्विन पाडता येत. बाहेर बऱ्हाणपूरचा मे महिना माणसं भाजून काढत होता; आत पोरं पांघरूण मागत होती. "मन बर्फात गेलं की दुखणं ऐकायला घरी कोण असतं?" डॉक्टर निरंजन म्हणत. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं, की सिस्टर कोकिळाला ते रोज ऐकावं लागे.

दापोरा गावच्या हिमानीचा हात केळीच्या वेफर्सच्या कढईतल्या तेलाने भाजला होता. "माय वं, किती बर्फ हाये अठी!" ती ओरडायची आणि तेवढ्यात कोकिळा जुनी पट्टी सोडवून घ्यायची. चष्मा काढायच्या आधी मात्र हिमानीची आई, शोभा, तिच्या कानाशी वाकायची. "हिमानी, चल घरी. हिमानी, चल घरी." नदीवरून, शेतावरून लेकराला उचलताना गावात म्हणतात तसं. नाहीतर म्हणे लेकराचं मन मागेच रेंगाळतं.

"अहो, ती खाटेवरच आहे," डॉक्टर हसायचे.

एकदा शोभा पाण्याची बाटली भरायला गेली होती. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी हिमानीचा चष्मा ओढून काढला.

हिमानी रडली नाही. पुढचं ड्रेसिंग चष्म्याशिवाय झालं, तरी रडली नाही. चिकटलेली पट्टी निघताना रक्त आलं; ती छताकडे बघत राहिली. डॉक्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. "बघा, किमया!"

"किमया कायची, डॉक्टरसाब," शोभा म्हणाली. "खात नाही, बोलत नाही. आवाज देला तं पाहत बी नाही. माही पोरगी अठी नाहीच."

कोकिळाने नाडी पाहिली, ताप पाहिला. सगळं ठीक. फक्त हिमानीचा न भाजलेला हात, त्या उन्हाळ्यात, बर्फासारखा गार होता.

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवरच्या चंदनला चष्मा लावला. मोटरसायकलच्या सायलेन्सरने त्याची पोटरी भाजली होती.

"सिस्टर, ये लडकी कौन है?"

"पेंग्विन आहेत ते. मार गोळा."

"नाही ना! पेंग्विनच्या मागे बसलीये. हाताला पट्टी आहे. मायला बोलव म्हणते."

"अपडेट आला असेल," डॉक्टर म्हणाले. पण हसले नाहीत.

कोकिळा वाकली. आपल्याला कोणी ऐकत नाही ना हे पाहून "चंदन, चल घरी" असं पुटपुटली, आणि मगच त्याचा चष्मा काढला. तो हिमानीला बांधला.

"हाक मारा, ताई."

शोभा वाकली. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एकदम बाहेर पडलं, "चल वं बाई, घरी चल! चल वं माय, घरी चल!"

काहीच नाही.

मग किंकाळी.

समोरचा चहावाला किटली घेऊनच धावत आला. मुलगी हात धरून कळवळत होती, शोभाच्या गळ्यात पडत होती, आणि शोभा रडता रडता हसत होती. डॉक्टर उगाचच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कोकिळाने हळूच चष्मा काढून घेतला. मुलीचा हात आता गरम होता.

चंदनचं ड्रेसिंग अर्धंच राहिलं होतं. कोकिळाने त्याला पुन्हा चष्मा बांधला.

"सिस्टर."

"काय रे?"

"ती अजून अठीच आहे."

कोकिळाच्या हातातला चिमटा थांबला.

"रडतेय. म्हणते, मायने माझं नावच नाही घेतलं."

कोकिळा वळली. शोभाच्या मांडीवरची मुलगी रडायची थांबली होती.

"सिस्टर," ती म्हणाली, दापोऱ्यात कधी कोणी बोललं नसेल इतक्या स्वच्छ, शहरी मराठीत, "तो चष्मा आता बंद करून ठेवाल का, प्लीज?"