तीन नंबरची जागा

आधीच सांगते. ही गोष्ट खरी आहे आणि माझ्या सख्ख्या भावाची आहे. पटत नसेल तर पुढे सरका. पण खाली येऊन 'स्क्रिप्ट छान जमलीय' असलं काही लिहू नका. माझं डोकं फिरतं.

आमच्या घरात भूत-बित मानत नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली माणसं आम्ही. चाळीत असताना एका बाईच्या अंगात यायला लागलं, तर पप्पांनी तिला भर गॅलरीत फैलावर घेतलं होतं. असलं घर.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

गेल्या जानेवारीत, रविवारी, भर दुपारी घडलं. करी रोडला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

माझा भाऊ सम्यक. माझ्यापेक्षा लहान. हवाई दलात पायलटचं ट्रेनिंग घेत होता. आजोबा गिरणीत, पप्पा ऑफिसात क्लार्क, आणि हा थेट आकाशात! नाक्यावर मंडळाने त्याचा फ्लेक्स लावला होता. पप्पा दूध आणायलासुद्धा मुद्दाम लांबून, त्या फ्लेक्सखालून जायचे.

आणि एक दिवस तो अचानक घरी आला. रजा मिळाली, म्हणाला. चेहरा पांढराफटक.

त्याच्या पायाची बोटं सारखी हलत होती...

जेवताना. टीव्ही बघताना. झोपेतसुद्धा.

"काय रे, मुंग्या आल्या का?" मी विचारलं.

"नाही गं ताई. टेन्शन आलं की हात स्टिकवर आवळला जातो आणि विमान थरथरतं. म्हणून सर सांगतात, पायाची बोटं हलवा. हात आपोआप सैल पडतो."

"पण इथे कुठे विमान आहे?"

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

दोन दिवसांनी त्याने सगळं सांगितलं. मला एकटीला.

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड फॉर्मेशन. एक लीडर पुढे, दुसरा त्याच्या पंखाला चिकटून, जरा मागे. इतकं जवळ की पुढच्याचं हेल्मेट दिसतं. दोन नंबरने फक्त लीडरकडे बघायचं. जमीन बघायची नाही, स्वतःचे मीटर बघत बसायचं नाही. तो वळला की वळायचं. तो खाली गेला की खाली.

"आणि तो जमिनीवर आपटला तर?"

सम्यक हसला. "मग दोघं. आमच्यात हाच जोक आहे."

त्याचा रूममेट होता, हर्षवर्धन. त्या दिवशी हर्षवर्धन लीडर आणि सम्यक दोन नंबर. दोघं ढगात शिरले. ढगात वर कुठलं आणि खाली कुठलं, काही कळत नाही. सम्यकला काहीतरी खटकलं. त्याने नियम मोडला आणि आपल्या मीटरकडे पाहिलं.

दोघं जमिनीकडे चालले होते.

सम्यकने विमान वर खेचलं. सुटला.

हर्षवर्धन नाही सुटला.

"मी ओरडलो गं ताई," तो म्हणाला. "पण आधी सुटलो आणि मग ओरडलो."

चौकशीत सगळे म्हणाले, तुझं बरोबर होतं. फक्त हर्षवर्धनच्या आईने त्याला एवढंच विचारलं, "तू त्याच्या मागेच होतास ना रे बाळा?"

तेव्हापासून त्याला फॉर्मेशन जमेना. लीडरचा पंख जवळ आला की हा बाजूला सरकायचा. डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम दिले, रजा दिली. रजेनंतर शेवटची टेस्ट. नापास झाला तर कायमचा घरी.

पप्पांना हे कळलं, तर म्हणतात कसे, "घरी यायचं नाही हां! लोकांना काय तोंड दाखवू? फ्लेक्स उतरवायला लावू?"

"आग लागो त्या फ्लेक्सला!" आई ओरडली. "पोराकडे बघा जरा."

पप्पांनी पेपर वर धरला. बघितलं नाही.

मग मीच म्हटलं, चल, गच्चीवर प्रॅक्टिस करू. तिकडे कॅडेट विमानात बसायच्या आधी जमिनीवर चालून सराव करतात, हे त्यानेच सांगितलेलं. मी लीडर. तो माझ्या उजवीकडे, जरा मागे, नजर माझ्या खांद्यावर. मी म्हणायचं "डावीकडे", की त्याने म्हणायचं "टू". दोन नंबर रेडिओवर एवढंच बोलतो. टू. म्हणजे कळलं, येतोय मागे.

आधी आधी तो लांब लांब जायचा. कपाळावर घाम. मग हळूहळू जमायला लागलं.

जरा जास्तच जमायला लागलं...

एका दुपारी मी गप्प चालले होते. मागून आवाज आला, "टू."

मी थांबले. "अरे, मी कुठे काय बोलले?"

"बोललीस की. उजवीकडे."

मी उजवीकडे वळणारच होते. पण बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते पावलांचं लक्षात आलं. सम्यक अनवाणी चालायचा. माझ्या पायात सपाता. आणि तरी मधूनच एक आवाज यायचा...

बुटांचा. जड बुटांचा.

मागून नाही. माझ्या पुढून.

म्हटलं, खालच्या मजल्यावर कोणीतरी काम काढलं असेल. आपल्याकडे बारा महिने कोणाचं ना कोणाचं टाइल्सचं काम चालूच असतं.

पण त्याच रात्री आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. खूश होती. "अगं, त्याची बोटं थांबली बघ! शांत झालं माझं पोर."

खरंच थांबली होती. बोंबलाच्या चटणीशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला. पप्पासुद्धा म्हणाले, "वाघ आहे वाघ." मला मात्र ते पाय बघवेनात. इतके गप्प होते.

रविवार आला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती.

गच्चीवर गेलो, तर म्हणाला, "ताई, आज तू तीन हो."

"म्हणजे?"

"तीन नंबर. डावीकडे, मागे. मी उजवीकडे."

"मग लीडर कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, वेड्यासारखं काय विचारतेस अशा नजरेने. "असं काय करतेस? हा काय, पुढे उभा आहे."

पुढे कोणी नव्हतं. पाण्याची टाकी आणि दोरीवर वाळत घातलेली चादर.

मी खाली निघणारच होते. पण उद्या गाडी, परवा टेस्ट. म्हटलं, मनाची समजूत असेल, असू दे. आपण कशाला मोडता घालायचा? उभी राहिले त्याने दाखवलेल्या जागेवर.

चालायला लागलो. त्या रिकाम्या जागेवर नजर ठेवून.

आणि मी वळले...

कोणी सांगितलं नव्हतं. पण मला कळलं, आता उजवीकडे. सम्यकही त्याच क्षणी वळला.

परत डावीकडे. परत दोघं एकदम.

खालच्या पोरांचा आवाज बंद झाला. कावळे नाहीत, गाड्यांचे हॉर्न नाहीत. फक्त ते बूट.

पुढची चादर एकाएकी आत दबली आणि सुटली. वारा नव्हता.

खरं सांगू? मला भीती वाटत नव्हती. हेच सगळ्यात वाईट आहे. मला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू! ऑफिस नाही, पप्पांची कटकट नाही, लग्नाचं कधी बघतेस नाही. काही ठरवायचं नाही. फक्त मागे जायचं.

तेवढ्यात अंगठा पाइपला सणकून ठेचकाळला आणि मी खाली बघितलं.

समोर कठडा होता. टाकीच्या मागचा, गुडघ्याएवढा. बिल्डरने अर्धवट सोडलेला.

मी मागे उडी मारली. मग किंचाळले, "सम्यक!"

त्याने मान वळवली नाही.

"टू," म्हणाला.

आवाजात भीती नव्हती. थांबणं नाही, अडखळणं नाही. पुढच्या माणसामागे जिना उतरावा तसा गेला.

त्यानंतर खालच्या पोरांचा आवाज परत आला. आधी क्रिकेटचा. मग ओरडण्याचा.

पोलिसांनी तोल गेला असं लिहून घेतलं. मंडळाने नाक्यावर नवा फ्लेक्स लावला. फोटो तोच, फक्त 'अभिनंदन'च्या जागी 'श्रद्धांजली'. पप्पा आता दूध आणायला जात नाहीत. आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला म्हणतो, "तू वाचलीस हे नशीब म्हणायचं." एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

सम्यकच्या पुण्यानुमोदनाला विहारातले भन्ते येऊन गेले. त्या रात्री आईने मला विचारलं, "अक्षता, तुला खरंच कळत होतं? ते कुठे वळणार ते?"

मी हो म्हणाले.

आई रडली नाही. नुसती मान हलवली.

सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. पण आई आता दुपारची पॅसेजमध्ये चालते. लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत आणि परत. ती खिडकी मोठी आहे, ग्रील नाही. आईचे गुडघे दुखायचे, आता दुखत नाहीत म्हणते. रंगही सुधारलाय. शेजारच्या काकी म्हणतात, बरं झालं, सावरतेय बिचारी.

कोपऱ्यावर कोणी नसताना ती थांबते, वाट बघते आणि मग वळते.

काल चालून आत आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि अगदी सहज म्हणाली, "अगं, तुझी जागा रिकामीच असते. तिथे मला उभं राहू देत नाहीत. सम्यक रोज विचारतो, ताई का सुटली?"

मी हातातलं काम करत राहिले. संध्याकाळी ग्रीलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

आज शनिवार आहे. दुपार झालीय.

आई मघाशीच बाहेर गेलीय. पप्पांनी टीव्हीचा आवाज मोठा केलाय. तरी तिच्या चपला मला ऐकू येतायत. खिडकीपर्यंत जातात... थांबतात... परत येतात.

मला तिला आत आणायचंय. तीनदा कडीला हात लावून झाला. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की मी कुठे जाऊन उभी राहीन, हे मला पक्कं माहीत आहे.