नसल्यात जमा

हरकतींच्या सुनावणीला येणारा माणूस एकच मागणं घेऊन येतो: कर कमी करा. कोणी म्हणतो छप्पर गळतं, कोणी म्हणतो शेजाऱ्याचं घर तेवढंच असून त्याची आकारणी निम्मी. एक आजोबा तर दर तीन वर्षांनी येणाऱ्या फेरीला, जिन्याखालची जागा खोली धरता येत नाही हे पटवायला, साहेबांसमोर कमरेत वाकून चालून दाखवत. जिल्ह्याच्या कर कार्यालयात ती बारा वर्षं मोजणीदार होती. माणसं स्वतःचं घर किती लहान करून सांगू शकतात याचं तिला आताशा नवल वाटत नसे.

म्हणूनच फेरीच्या शेवटच्या दिवशी, अकराच्या सुमारास, साठीच्या एका बाईंनी अर्ज पुढे केला तेव्हा साहेबांनी तो दोनदा वाचला.

"काकू, लिहिताना चुकलात बहुतेक. 'एक खोली कमी धरली आहे, ती वाढवून मिळावी' असं झालंय."

"चुकले नाही. पाच खोल्या आहेत. तुमच्या वहीत चार लागल्यात."

"अहो, कर वाढेल."

"वाढू दे की."

हेडक्लार्कने मान वर केली. "साहेब, यांचा फोटो भिंतीवर लावू या. बाकीच्यांना तेवढीच अद्दल."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या राखाडी स्वेटरच्या कोपराला नीट रफू केलेलं होतं, आणि दोन्ही हात त्यांनी टेबलाच्या कडेवर असे ठेवले होते, की टेबल हललं तर धरता यावं.

"मोजणी कोणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझी," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीची."

"मग प्रश्नच मिटला. मिलिमीटर चुकली म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला." बोलून गेल्यावर साहेबांनी जीभ चावली. हे नाव तिच्या पाठीमागे घ्यायचं असा ऑफिसचा शिरस्ता होता. "म्हणजे मॅडमच्या मोजणीत चूक निघत नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"आज पाचला वही बंद होते ना?" बाईंनी विचारलं.

"होते. मग तीन वर्षं त्यात शाईचा थेंब पडत नाही."

"मग आजच बघा. मला अजून तीन वर्षं जमायचं नाही."

हे बाई साहेबांकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाल्या.

मधल्या वेळात ती रेकॉर्डच्या खोलीत गेली. जुन्या आकारणीवहीत घराच्या पाच खोल्या होत्या. पाचवीची लांबी ३.०५, रुंदी ३.६०, खिडकी एक, दार एक. नव्या वहीत चार. तिने स्वतःचं मूळ मोजणीपत्रक शोधून काढलं. अक्षर तिचंच, सरळ आणि बारीक. चार खोल्यांची मापं दोन दशांशांपर्यंत, आणि खाली शेरा: 'पाचवी खोली बंद. घरमालकीण म्हणतात, नसल्यात जमा धरा.'

शेरा लिहिताना ती समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उतरवी. आपल्या शब्दांत सांगायला गेलं की चूक शिरते, असं तिचं मत होतं.

पत्रक घेऊन ती हेडक्लार्ककडे गेली. "ही खोली गाळली कशी?"

त्याने वाचलं. "गाळली कुठे? तुम्हीच लिहिलंयत, नसल्यात जमा धरा. आम्ही कारकून माणसं. जमा म्हटलं की जमा करतो. नसल्यात केली."

"अहो, ही बोलायची पद्धत असते."

"बोलायची असते, मॅडम. लिहायची नसते."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या पत्रकात चूक निघत होती, आणि तीही आकड्यात नव्हे, शब्दात. साहेबांनी सांगितलं, दुरुस्ती होईल, पण खोली पुन्हा मोजून, जागेवर पत्रक भरून, घरमालकिणीची सही घेऊन. पाचच्या आत.

दीडला दोघी निघाल्या. घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर होतं. अरुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना एकमजली घरं, कुंपणाला हिरवा रंग. बाई वाटेत फारसं बोलल्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला चप्पल लागत होती. लंगडत होतात."

तिला ते आठवलं. त्या आठवड्यात तिने एकेचाळीस घरं मोजली होती आणि हे शेवटचं होतं. बंद दारासमोर या बाई उभ्या होत्या, दाराला पाठ लावून. धाकटी बहीण आत आहे, आजारी असते, आत्ताच डोळा लागलाय, असं काहीसं म्हणाल्या होत्या. आणि मग ते वाक्य. तिलाही सुटका हवी होती. नाहीतर बंद खोलीचं माप बाहेरून काढायची रीत तिला माहीत नव्हती थोडीच!

घराच्या खोल्या रस्त्याला समांतर, एकापुढे एक होत्या. तिने टेपचं टोक बाईंच्या हातात दिलं आणि बाहेरची लांबी मोजली. १६.१५ मीटर. खात्रीसाठी उलट्या बाजूने पुन्हा मोजली. तेवढीच. रस्त्याच्या बाजूला पाच खिडक्या होत्या. शेवटचीला पांढरा पडदा होता, स्वच्छ, नुकता धुतल्यासारखा.

"बाकी पाहायचं काय राहिलं?" ती म्हणाली. "खोली तर दिसतेच आहे."

"आत या," बाई म्हणाल्या.

आत बैठकीची खोली ३.४०. पुढची ३.१०. स्वयंपाकघर २.६०. शेवटी बाईंची झोपायची खोली, २.९०. तिथे घर संपत होतं. समोर भिंत होती, फिकट निळी, एकसंध. दार नव्हतं, दार बुजवल्याची खूण नव्हती. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, तीन वर्षांपूर्वीचं.

तिने पत्रकाच्या मागे बेरीज मांडली. खोल्या बारा मीटर. बाहेरच्या दोन भिंती पाव पाव मीटरच्या, आतल्या तीन पंधरा सेंटिमीटरच्या; सगळं मिळून १२.९५. बाहेरून १६.१५. फरक तीन मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे ३.०५ ची खोली आणि एक भिंत.

वजाबाकी चोख होती. तिला त्यानेच बरं वाटलं. दार नसलेली खोली विचित्र असते, अशक्य नसते. कोणीतरी बुजवलं असेल आणि वर गिलावा केला असेल. ती बाहेर गेली, पाचव्या खिडकीशी उभी राहिली आणि पडद्याच्या फटीतून आत पाहिलं.

आत पलंग होता. पलंगाशेजारी खुर्चीवर तिची स्वतःची पिशवी होती. बाई तिच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभ्या होत्या.

ती चौथी खोली होती.

तिने एक पाऊल मागे घेऊन खिडक्या मोजल्या. पाच. चौथ्या खिडकीतून पाहिलं. तीच खोली, तीच पिशवी, त्याच बाई. पुन्हा पाचवीतून पाहिलं. काचेवरचं प्रतिबिंब, प्रकाशाचं वक्रीभवन, कुठेतरी आरसा असेल, अशी एकेक शक्यता तिने मनात मांडली आणि एकेक खोडली. मग ती आत आली आणि न विचारता खुर्चीवर बसली.

"दिसलं ना?" बाई म्हणाल्या.

"कधीपासून आहे हे?"

"बिल आलं त्या दिवसापासून. पोस्टमनने बिल दिलं, मी चार खोल्या वाचलं, आणि मनात म्हटलं, चला, तेवढाच कर वाचला. तिचं ताट घेऊन इथे आले तर ही भिंत." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "पोलिसांत गेले. ते म्हणाले, बहीण हरवली असेल, खोली कशी हरवेल? त्यांनी वही मागवली. वहीत चार."

"मग तेव्हाच, वही उघडी असताना, तुम्ही अर्ज का केला नाही?"

बाईंनी पलंगाची चादर सारखी केली. "तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. पहिले सहा महिने मी झोपले. तिचं सगळं सोळा वर्षं मी केलं होतं. सारखी दाराशी यायची. ताई, ताई. एक घास सुखाने गिळू दिला नाही तिने मला. मला वाटलं, देवालाच दया आली." त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं. "मग एक दिवस लक्षात आलं, की तुम्हाला ते वाक्य मीच सांगितलं होतं. आणि आता मला झोप नाही."

तिला रविवारचा फोन आठवला. भाऊ म्हणाला होता, बाबांचं काय आता, असून नसल्यासारखे. तू येऊन करणार तरी काय? आणि ती 'हं' म्हणाली होती. एवढंच, हं.

सव्वातीन झाले होते. तिने पिशवीतून लेसर मीटर काढलं. टेपला हात लागतात, हात चुकतात. प्रकाशाला ती अडचण नसते. यंत्र तिने स्वयंपाकघराकडच्या भिंतीला टेकवलं आणि समोरच्या निळ्या भिंतीवर लाल ठिपका सोडला.

२.९०.

तिने पुन्हा दाबलं. २.९०.

तिसऱ्यांदा ६.१०.

ठिपका भिंतीवरच होता. आकडा मात्र भिंतीपलीकडचा होता: २.९०, एक भिंत, आणि ३.०५. तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि ती बरोबर आली याचा तिला आनंद झाला नाही. यंत्र सतत मोजत राहील अशा बेताने तिने बटण दाबून धरलं.

६.१०. ६.१०. ६.१०.

५.७०.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मध्ये काहीतरी आलंय."

५.३०. थोडा वेळ थांबून ४.८०. अंतर सारखं कमी होत नव्हतं. चालताना पाय ओढणारं माणूस जसं येतं, तसं येत होतं. बाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

४.१०.

३.६०.

३.०५.

तिथे आकडा थांबला. २.९० आणि भिंतीची जाडी, म्हणजे निळ्या भिंतीची पलीकडची कड. कोणीतरी भिंतीला अगदी चिकटून उभं होतं.

"लिहा," बाई कुजबुजल्या. "लिहा ना, मॅडम. तुम्हीच पुसलीत, तुम्हीच लिहा. सही करते मी."

तिने खुर्ची ओढून यंत्र तिच्यावर तसंच भिंतीला टेकवून ठेवलं आणि खाली बसून पत्रक मांडीवर घेतलं. न पाहिलेलं तिने कधी लिहिलं नव्हतं. पण न पाहिलेलं नाही म्हणून तर एकदा लिहून झालंच होतं, आणि ते खरं ठरलं होतं.

खोली क्रमांक पाच, तिने लिहिलं. लांबी ३.०५. रुंदी ३.६०.

कॅलेंडर किंचित हललं. वारा नव्हता.

वापर: राहती.

भोगवटादार: एक.

भिंतीपलीकडून आवाज आला. झोपेतून उठलेल्या माणसाचा, जरासा घोगरा, आणि कसलाही राग नसलेला.

"ताई, गेल्या का त्या मोजणीवाल्या?"

ज्या आवाजासाठी अडीच वर्षं झोप उडाली, तो ऐकून बाई जागच्या हलल्या नाहीत.

खिडक्या: एक, तिने लिहिलं. पेन घसरत होतं, तिने बोटं कपड्याला पुसली.

"ताई?"

दारे.

तिने त्या रकान्यावर पेन टेकवलं आणि एकचा आकडा काढला. शाई कागदात मुरली. निळ्या रंगात आधी एक उभी रेघ उमटली, मग तिच्या समांतर दुसरी, मग वरची आडवी.

बाईंनी मागून तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, सवयीची.

"कडी बाहेरून आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तेवढं लिहा."

पत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.